भाकर केवढी होती ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या बालपानात चिऊ-काऊच्या खिचडीची गोष्ट आली होती, तिच्यात शेवटी काऊला चटका बसत नाही, चिऊ त्याला जवळ बसवून पोटभर खिचडी वाढते. त्यावर मग दोन पत्रं आली की गोष्टीची वाट लावली, जुनं ते जुनंच राहू द्या. ती पत्रं मी दोन-दोनदा वाचली. मला वाटतं भांडण चुकीच्या जागी चाललंय, म्हणून लिहायला बसले. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची बरीच वर्षं चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला, आणि ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल याचा हिशोब नाही. आमच्या एका घरातच तिचे पाच शेवट आहेत.

माझं माहेर पारोळ्याकडचं, बोरीकाठचं. मोठी माय (आजीला आम्ही असंच म्हणायचो) गोष्ट सांगायची त्यात खिचडी नव्हतीच. तांदूळ सणावाराला, पाहुणा आला तर. तिच्या गोष्टीत चिडी (म्हणजे चिमणी) शोधून शोधून ज्वारीचे चार दाणे आणायची आणि कावळा आणायचा उडदाचा एकच दाणा, मग दोघं मिळून जात्यावर दळायचे आणि त्याची एक कळण्याची भाकर व्हायची. आता जे खान्देशातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेलं पीठ, चार वाटे ज्वारी नि एक वाटा उडीद, वरून मीठ. म्हणजे गोष्टीतलं माप घरातल्या डब्यातलंच माप होतं. कोणी पोर म्हणालं की मग कावळ्यानं एकच दाणा आणला, त्याला कशाला द्यायचं, तर मोठी माय हात थांबवून म्हणायची, "उडीद एकच शे, पन त्यानाबिगर कयना व्हत नई." एवढं बोलून पुढे. चिडी पाणी आणायला नदीवर जाते, कावळा म्हणतो जा तू, मी भाकर उलटतो, आणि ती येईपर्यंत सगळी भाकर खाऊन ढाराढूर झोपतो. चिडी उलथणं तापवते आणि ठेवते त्याच्या शेपटाखाली, तो काव काव करत जो पळतो तो अजून ओरडतोय.

हा झाला नेहमीचा शेवट. पण ७२ च्या दुष्काळात मी पहिलीत होते, आणि त्या वर्षी ती गोष्ट बदलली. घरात ज्वारी नव्हती, रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, तिची भाकर थापता थापता तुटायची. बाप आणि काका खडी फोडायला जायचे, कामावर सुकडी (पिठाचा कोरडा खाऊ) मिळायची, त्यातली थोडी ते कागदात बांधून आमच्यासाठी आणायचे. त्या वर्षी मोठी मायच्या गोष्टीत चिडीनं मिलोचे चार दाणे आणले आणि कावळा चटक्यानं मेला. नुसता पळाला नाही, मेला. आम्ही पोरं एकदम गप्प झालो होतो ते मला आजही आठवतं. पुढच्या वर्षी पाऊस झाला, ज्वारी आली, तेव्हा कावळा परत नुसता ओरडत पळायला लागला. कोणी तिला सांगितलं नव्हतं असा बदल कर म्हणून. घरातली कणगी रिकामी असली की चोराला माफी परवडत नाही एवढंच ते होतं, आणि ते तिनं आम्हाला समजावून न सांगता सांगितलं.

माझ्या आईपर्यंत गोष्ट आली तोवर विहिरीला मोटर बसली होती, घरात दाणा टिकायला लागला होता. आईनं चटका काढून टाकला. तिची चिडी हुशार, पाण्याला जायच्या आधीच भाकरीचे पाच तुकडे करते, चार स्वतःला, एक कावळ्याला, ज्यानं जेवढं आणलं तेवढं. मी माझ्या मुलीला सांगितली तेव्हा मला ते पाच तुकडे खटकायला लागले, कारण मोठी मायचं ते उडदाचं वाक्य डोक्यात होतं, म्हणून मी अर्धी-अर्धी केली आणि कावळ्याला भांडी घासायला लावली. आणि आता माझी मुलगी पुण्यात तिच्या मुलाला सांगते त्यात कावळ्याची दोन पिल्लं घरट्यात वाट बघतायत, म्हणून भाकर तोंडं मोजून वाटली जाते, चिडी एक, कावळा एक, पिल्लं दोन. पहिल्यांदा फोनवर ऐकलं तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू, म्हटलं ही काय नवीन पिल्लं काढली. पण रात्री विचार करताना लक्षात आलं की चारही जणींनी शेवट बदलला, कावळा चोर होता तो भागीदार झाला आणि मग बापही झाला, पण चार दाणे ज्वारी आणि एक दाणा उडीद हे कोणीच हलवलं नाही. भाकर एकच. तीही चिमणीच्या पंजाएवढी.

तुमच्या बालपानातल्या गोष्टीत मला खुपलं ते हे. कावळ्याला वाढलं याचं काही नाही. खुपलं ते हे की खिचडी "पातेलंभर गरमागरम" होती, ती कुठून आली पत्ता नाही, कोणी काय आणलं ते नाही, आणि चिऊनं वाढलं तरी तिच्या ताटातलं काही कमी झालं नाही. मग तिनं दिलं काय? भरल्या पातेल्यातून कोणीही वाढतं.

आपल्या जुन्या कहाण्या बघा ना, सगळीकडे माप आहे. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी, आटपाट नगर होतं वाली, ती तर लहानपणी तोंडपाठ होती. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचाय, हुकूम काढला की गावातलं सगळं दूध देवळात आणा. लोकांनी घाबरून पोरांना दिलं नाही, वासरांना पाजलं नाही, सगळं आणून ओतलं, गाभारा काही भरेना. मग एक म्हातारी घरातलं काम आवरून, मुलाबाळांना खाऊपिऊ घालून, सुनांना न्हाऊमाखू घालून, वासरांना चारापाणी करून उरलेलं खुलभर दूध घेऊन येते आणि तेवढ्यानं गाभारा भरतो. खुलभर म्हणजे लहानशा भांड्यात मावेल एवढं, हे आता पोरांना सांगावं लागतं, पण ते "खुलभर" काढून तिथे "थोडंसं" घातलं तर कहाणीत काय उरलं सांगा. मोठी माय इथे एक भर घालायची जी मी छापील कहाणीत कुठे वाचली नाही, की म्हातारी स्वतःही घोटभर पिऊन गेली होती. उपाशी नाही गेली. घरातल्या सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईनं ही भर घातली होती, आणि त्या वयात ते आम्हाला कळलं नाही.

महाभारतातलं मुंगूस पण तसंच. अश्वमेध पर्वात धर्मराजाच्या यज्ञात एक मुंगूस येतं, अर्धं अंग सोन्याचं, आणि म्हणतं की कुरुक्षेत्रातल्या त्या गरीब कुटुंबाच्या सातूची सर या यज्ञाला नाही. ते कुटुंब म्हणजे बाप, आई, मुलगा, सून, दुष्काळात शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारे. एक प्रस्थ (धान्याचं जुनं माप) जव मिळाले, त्याचं सातूचं पीठ केलं, चौघांचे एकेक कुडव (प्रस्थाचा चौथा भाग) असे चार वाटे केले, आणि तेवढ्यात पाहुणा आला. बापानं आपला वाटा दिला, मग बायकोनं, मग मुलानं, मग सुनेनं. कथा चारही वाटे एकेक करून मोजायला लावते, घाई करत नाही. मुंगूस तिथल्या सांडलेल्या पिठात लोळलं तर अर्धं अंग सोन्याचं झालं, आणि हजारो जेवले त्या यज्ञात लोळून बाकीचं अर्धं तसंच राहिलं.

आणि हे फक्त आपल्याकडे आहे असं पण नाही. दोन मांजरं नि माकडाची लोण्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तीच कल्पना पाली जातकांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींत आहे, दब्भपुप्फ जातकात, पण तिथे दोन पाणमांजरं आणि रोहित मासा, वाटणी करायला कोल्हा. डोकं एकाला, शेपूट एकाला, मधला सगळा मासा कोल्ह्याला. हंगेरीकडे तीच गोष्ट अस्वलाची दोन पिल्लं, कोल्हीण आणि चीज अशी सांगतात. नदीकाठी मासा, गोठ्याच्या देशात लोणी, थंडीच्या देशात चीज. इसापाच्या मुंगीच्या गोष्टीत मूळ ग्रीकमध्ये गाणारा किडा हा सिकाडा आहे, उन्हाळ्यात झाडावर किर्र करतो तो, पण उत्तर युरोपात तो फारसा नाही म्हणून तिकडे त्याचा नाकतोडा झाला आणि तोच पुढे इंग्रजी पुस्तकांतून आपल्या शाळेत आला. जुन्या गोष्टीत मुंग्या त्याला दाणा देत नाहीत, म्हणतात उन्हाळ्यात गायलास ना, आता नाच. हल्लीच्या कितीतरी पुस्तकांत मुंग्या दार उघडतात. उघडू देत, पण मग मुंग्यांच्या कोठीत दाणे किती होते आणि हिवाळा किती लांब होता तेही सांगा, म्हणजे पोराला कळेल की दार उघडणं अवघड होतं.

रशियातली कुऱ्हाडीच्या लापशीची गोष्ट मला फार आवडते. भुकेला शिपाई एका म्हातारीकडे येतो, ती म्हणते घरात काही नाही. तो म्हणतो बरं, कुऱ्हाडच शिजवू. पाणी उकळतं, चाखतो, म्हणतो मस्त झालीय, फक्त मीठ असतं तर. ती मीठ देते. मग मूठभर धान्य, मग थोडं लोणी. शेवटी दोघं बसून खातात आणि म्हातारी विचारते कुऱ्हाड कधी खायची, तर तो म्हणतो ती अजून शिजली नाही, वाटेत शिजवून खाईन, आणि कुऱ्हाड पिशवीत घालून निघून जातो. बाकी युरोपात हीच गोष्ट दगडाच्या सूपची, स्वीडनमध्ये खिळ्याची, पोर्तुगालमध्ये भिक्षेवर जगणाऱ्या साधूची, तिथल्या आल्मेइरिम गावात तर दगडाचं सूप आजही हॉटेलात मिळतं. फिनलंडच्या आन्ती आर्ने यांनी १९१० मध्ये लोककथांचे नंबर पाडायची जी पद्धत सुरू केली त्यात पुढे हिला १५४८ नंबर मिळालाय. आता गंमत अशी की जुन्या रूपात ही कंजूष बाईला फसवायची गोष्ट, आणि गेल्या शंभरेक वर्षांत मुलांच्या पुस्तकांत ती सगळ्या गावानं मिळून स्वयंपाक करायची झाली, कोणी गाजर आणतं, कोणी बटाटा. एवढा बदल होऊनही ती टिकली, कारण कोणी काय आणलं ते अजून सांगतात.

आता माप सांगितलं की एक अवघड गोष्ट पण होते, कोणाला मोजलं नाही तेही दिसतं. आमच्याकडे कानबाई देवी बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आपल्या खान्देशातल्या वाचकांना सांगायला नको. तिच्या प्रसादाच्या रोटासाठी गहू मोजायचे ते आमच्या भाऊबंदकीत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. पाळण्यातल्या मुलाची पण मूठ. मी सात-आठ वर्षांची असताना सुपाजवळ बसून मोजत होते, आजोबा, बाप, काका, दोघं भाऊ, आणि माझी मूठ आलीच नाही, आईची नाही, मोठी मायची नाही. रोट खायला मिळाले, पोटभर मिळाले, पण माझ्या नावाचे नव्हते. आणि रोट भाऊबंदकीच्या बाहेर द्यायचे नाहीत, म्हणून सालदाराचा (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचा) मुलगा, जो आमच्याबरोबर दिवसभर खेळायचा, त्याला मोठी मायनं वेगळी भाकर करून दिली, वर गुळाचा खडा. त्यानं आनंदानं खाल्ली, माझ्याच घशाखाली घास उतरेना. गेल्या काही वर्षांपासून आमच्या भावानं मुलींची, सुनांची पण मूठ धरायला सुरुवात केलीय. एक-दोन म्हातारे रागावले, मग गप्प बसले. गहू डोळे मिटून सुपात ओतले असते तर मला तेव्हाही कळलं नसतं आणि आता भांडायलाही कोणी नसतं.

शाळेतलं एक सांगते आणि आवरते. चोपड्याकडे मी गेले तेव्हा वर्गात बरीच पोरं पावरा आणि भिलांची. मी चिडी-कावळ्याची गोष्ट सांगितली, मोठी मायची, चटक्याची. एक मुलगा उठून म्हणाला, बाई, कावळ्यानं दळायला मदत केली ना, मग ती लाह झाली, लाहला आलेल्याला जेवू घालावंच लागतं. त्यांच्याकडे एकमेकांच्या शेतात, घर बांधायला सगळे मिळून राबतात त्याला लाह म्हणतात, आणि राबणाऱ्याचं जेवण यजमानाकडे. त्याच्या हिशोबानं चूक चिडीची, राबणाऱ्याला जेवायला वाढायच्या आधी ती पाण्याला गेलीच कशाला. मी एवढी वर्षं गोष्ट सांगत होते, कावळ्याच्या बाजूनं कामाचा हिशोब कोणी मांडला नव्हता. देवमोगरेच्या यात्रेला जाणारी ही माणसं, दुष्काळात धान्य वाटणारी देवी म्हणून त्या याहामोगीला मानतात, त्यांच्याकडून मी वाटणीबद्दल जेवढं शिकले तेवढं पाठ्यपुस्तकातून नाही.

पुढे शाळेत शिजवलेली खिचडी सुरू झाली, पहिली ते पाचवीच्या पोराला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०, रोज हजेरी मोजून काढायचे, रजिस्टर मीच भरायचे. आणि रोज दाराशी दोन-तीन लहान भावंडं यायची, मोठ्या बहिणीचं बोट धरून, हातात स्वतःची ताटली घेऊन. त्यांची नावं पटावर नाहीत, म्हणजे त्यांचे १०० ग्रॅम नाहीत. स्वयंपाकाच्या ताई काही न बोलता प्रत्येकाच्या डावातून थोडं थोडं कमी वाढायच्या आणि त्या ताटल्या भरायच्या. कोणाच्या लक्षात यायचं नाही असं नाही, पोरांच्या बरोबर लक्षात यायचं. त्यानंतर त्या वर्गातल्या पोरींनी गोष्ट खेळायला घेतली तेव्हा कावळ्याचं नाव पटावर नव्हतं आणि चिडी हेडमास्तर होती. तो शेवट काय केला त्यांनी विचाराल तर दर दिवशी वेगळा करायच्या, ज्या दिवशी खिचडी कमी पडली त्या दिवशी कावळा ताटली चाटून जायचा, आणि ज्या दिवशी उरली त्या दिवशी दोनदा जेवायचा.

म्हणून ज्यांनी पत्रं लिहिली त्यांना माझं सांगणं, गोष्ट बदलू नका हा हट्ट सोडा, तुमच्या आजीनं पण ती बदललीच होती, फक्त तुम्हाला तिच्या आजीची ऐकायला मिळाली नाही. आणि संपादक, तुम्हाला विनंती अशी की बालपानात अशा गोष्टी गुळगुळीत करून एकाच छापाच्या देऊ नका. वाचकांकडून मागवा. कोणत्या गावची, कोणी सांगितली, घरात तेव्हा काय शिजत होतं, हे दोन ओळीत आधी छापा आणि मग गोष्ट. रावेर-यावलची वेगळी येईल, साक्री-शिरपूरची वेगळी, अक्कलकुवा-धडगावची तर फारच वेगळी येईल. त्यांच्या बोलीतच छापा, अहिराणी असो, लेवा असो, पावरी असो, कळत नाही म्हणणाऱ्याला घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारू दे, तेवढ्या निमित्तानं तरी बोलतील.

सोबत मोठी मायची गोष्ट अहिराणीत लिहून पाठवतेय, ७२ सालची, कावळा मरतो ती. तुम्हाला मुलांसाठी जड वाटली तर नेहमीची छापा, कावळा पळतो ती, तीही खाली दिलीय. जागेसाठी काटछाट करायची तर जरूर करा, माझं वरचं सगळं पत्र निम्मं केलं तरी चालेल. फक्त चार दाणे ज्वारी आणि एक दाणा उडीद, एवढे आकडे बदलू नका.

तुमची जुनी वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, जि. जळगाव